अर्धा वार पक्षी

"पडतायत ते पडतायतच," आर्डिस म्हणत होती. "पक्ष्याचं डोकं खाली आणि शेपूट वर, म्हणजे तो पडतोय. हे कळायला शाळेत जावं लागत नाही."

"मी कुठे म्हणते पडत नाहीत म्हणून?" जनेल म्हणाली. "मी लिहिलंय, 'मातीकडे परतणारे'. ते वाचायला बरं वाटतं. लोक वाचणार आहेत, आंट आर्डिस."

"गोळी लागलेला फेझंट परतत नाही कुठे. धप्पकन पडतो. तुझ्या बापाने आयुष्यभर पाडले, मी आयुष्यभर सोलले. परतलेला एकही पाहिला नाही."

मी मागच्या दाराने आत आले तेव्हा भांडण इथवर पोचलं होतं. हातात पुठ्ठ्याची लांब नळी होती. गोधडी बाहेरगावी पाठवायची तर घडी घालत नाहीत, घड्यांच्या रेघा पडतात. जुन्या चादरीत घेऊन नळीवर गुंडाळतात. दोन वाजता गोधडीमंडळातली कॉर्लिस गाडी घेऊन येणार होती आणि ट्वायलाची गोधडी राज्याच्या प्रदर्शनाला जाणार होती. तिथून वर्षभर गावोगाव फिरणार होती. सोबत एक कार्ड लागणार होतं, सहा ओळींचं. गोधडी कोणी केली, का केली. त्या सहा ओळींवरून मायलेकींचं नव्हे, आत्या-भाचीचं जुंपलं होतं.

ट्वायला दोघींकडे पाठ करून बटाटे सोलत होती. ओव्हनमध्ये रोस्ट होतं. खाली तळघरात कपड्यांचं मशीन चालू होतं आणि त्याची धडधड जमिनीतून पायांना लागत होती.

"रविवारी कपडे कोण धुतं?" आर्डिस मला म्हणाली, जणू मीच धुवायला टाकले होते. "आमच्या आईने ओला हातरुमालसुद्धा घातला नसता दोरीवर."

ट्वायलाने पुढचा बटाटा घेतला. मग बटाट्याकडे बघतच म्हणाली, "ती चूक आहे. कार्डावर लिहा, कापताना चूक झाली."

"मॉम, असं कुणी लिहितं का?" जनेल म्हणाली, आणि दोघी पुन्हा फोनवरच्या गोधडीच्या फोटोत डोकं घालून बसल्या.

ही ट्वायला ह्रूस्का. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अर्धं आयुष्य काढलं. आमच्या गावातलं तिशीच्या आतलं प्रत्येक माणूस तिच्या हातचे सिनॅमन रोल खाऊन मोठं झालं. तिने लग्न केलं मायलोशी, वर आर्डिस मिळाली, असं ती पूर्वी सांगायची. आर्डिस मायलोची मोठी बहीण, बिनलग्नाची. मागच्या खोलीत ती या घराच्याही आधीपासून राहतेय, असं वाटावं इतकी त्या घराची. दोघींचं पटत नव्हतं असं नाही. दोघींनी एकाच चुलीवर इतकी वर्षं काढली की पटण्या-न पटण्याचा प्रश्न मागे पडला होता.

आमचं गोधडीमंडळ मंगळवारी चर्चच्या तळघरात भरतं. दर वर्षी एक पैज असते. एका वर्षी फक्त दोन रंग. एका वर्षी नवऱ्यांचे जुने नेकटाय. एका वर्षी सगळ्यांना एकच जांभळं कापड वाटलं होतं, इतकं भयंकर की ते लपवण्यातच सगळ्यांची कला गेली. गेल्या वर्षीची पैज अशी की, कापड तुम्ही निवडायचं नाही. घरातल्या कुणीतरी दुकानात जाऊन अर्धा वार आणायचं, खाकी कागदात बांधून द्यायचं, आणि ते मंडळात सगळ्यांसमोर फोडायचं. ते कापड गोधडीच्या मधोमध दिसलं पाहिजे. आणि त्यातलंच आणखी विकत आणायचं नाही. अर्धा वार म्हणजे अर्धा वार.

पुड्या फोडताना आम्ही पोट धरून हसलो. एकीच्या नवऱ्याने भोपळ्यांचं कापड दिलं होतं, दात विचकणाऱ्या. एकीच्या मुलाने सैनिकी हिरवं. ट्वायलाच्या पुडीतून फेझंट निघाले. मोहरीच्या पिवळ्यावर तपकिरी पक्षी, लांब शेपट्यांचे, सगळे वर उडणारे.

"ट्वायला, तुझ्या नवऱ्याला शिकारीचा शर्ट हवाय," कॉर्लिस म्हणाली. कॉर्लिस मंडळाची अध्यक्ष. तिच्या आवाजाला माइक लागत नाही.

मायलो बाहेर ट्रकमध्ये बसून होता. त्याला आत यायची लाज वाटायची. गोधडी या प्रकाराबद्दल त्याचं एक ठरलेलं भाषण होतं, ते तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा. अख्खं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे, आणि मग ते तुकडे जोडून पुन्हा अख्खं करायचं. हेच मी ट्रॅक्टरचं केलं तर ही मला वेड्यांच्या दवाखान्यात घालेल. पण दुकानातली बाई सांगत होती की हाच मायलो टोपी हातात घेऊन आत आला, फेझंटचे तीन वेगवेगळे तागे काउंटरवर मांडायला लावले आणि तिन्ही उलगडून बघितले. बियाणं बघतात तसे, वाकून.

नोव्हेंबरात मका काढून झाल्यावर मायलो शेडमध्ये गेला. कापणीच्या कम्बाइनला ग्रीस घालून हिवाळ्यासाठी झाकायचं होतं. जेवायला आला नाही म्हणून ट्वायला बोलवायला गेली. परत येऊन तिने आधी सूपखालची आच बंद केली, मग फोन केला. हे तिनेच मला सांगितलं, त्याच आवाजात, ज्या आवाजात ती शाळेत उद्या मकरोनी आहे असं सांगायची.

अंत्यविधीला गाव लोटलं. हॅम झालं, बटाट्याचं झालं, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, झाले. लोकांनी घरी आणून दिलेल्या भांड्यांनी तिचा ओटा भरून गेला. आठवडा व्हायच्या आत ती सगळी भांडी घासून, चिकटपट्टीवरचं नाव वाचून, ज्याची त्याला तिने स्वतः नेऊन दिली. पहिल्यांदा लोक म्हणाले, किती सावरलीय. मग म्हणाले, जरा जास्तच सावरलीय. आर्डिस दोघींच्या वाटचं रडत होती आणि ते सांगतही होती. बैठकीच्या खोलीत मायलोची मागे कलणारी खुर्ची होती. तिच्यात कुणी बसेना. बसायला गेलं की आर्डिस दारात येऊन उभी राहायची. कुत्रं तेवढं खुर्चीखाली झोपायचं, त्याला तिने काही म्हटलं नाही.

जानेवारीत मंडळाने ट्वायलाला कळवलं, यंदा पैजेतून तुला सूट. ती म्हणाली, कशाला? आणि कामाला लागली.

तिने आठ टोकांची चांदणी काढली होती. आठ मोठी शंकरपाळी, टोकं मध्यभागी आणलेली. अशी चांदणी आम्ही झोपेतही करू. पण कापड जर एकाच दिशेचं असेल, म्हणजे झाडं, घोडे, पक्षी, ज्यांना डोकं आणि पाय आहेत असं काही, तर गोष्ट वेगळी. प्रत्येक शंकरपाळं वेगळं ठेवून कापावं लागतं, नाहीतर चांदणी जोडल्यावर वरच्या टोकातले पक्षी उभे आणि खालच्या टोकातले उलटे. हे ट्वायलाला ठाऊक होतं. तिने त्यासाठी पुठ्ठ्याचा साचा केला होता, मध्ये खिडकी कापलेला, आणि त्यावर पक्ष्यांची दिशा दाखवणारा बाण काढला होता. शरदात मायलो असतानाच केला होता तो साचा.

कापलं त्या दुपारी मी तिच्याकडेच होते. माझ्या गोधडीच्या कडेला पट्टी शिवत होते. ट्वायलाने कापड इस्त्री केलं. काठाला काठ लावून दुमडलं, जसं आपण नेहमी दुमडतो. मोजपट्टी ठेवली, चाकाची सुरी फिरवली, पट्ट्या काढल्या. पट्ट्यांवर तिरकी मोजपट्टी ठेवली आणि शंकरपाळी पाडली, एकावर एक, नेहमीच्या हाताने. हात इतके सवयीचे की मीही बघून न बघितल्यासारखी बसले होते. बाणाचा साचा खोलीच्या खिडकीपाशी तसाच उभा होता, बाण छताकडे करून.

तिने आठ तुकडे टेबलावर मांडले तेव्हा आम्हा दोघींना एकदमच दिसलं.

"ट्वायला, पक्षी," मी म्हणाले.

ती बघत राहिली. वरच्या टोकात ते वर चालले होते. बाजूंना तिरके झाले होते. खालच्या टोकात त्यांची डोकी सरळ जमिनीकडे होती.

"हो," ती म्हणाली. उरलेल्या चिंध्या तिने गोळा केल्या. त्यातून एकही शंकरपाळं निघालं नसतं. आणखी आणता येत नव्हतं. आणि तिने नंतर दुकानात विचारलं तेव्हा कळलं की तो तागा संपलाच होता. मग तिने कॉफी केली. मी म्हणाले, मधला भाग बदलू, काहीतरी दुसरं बसवू. ती म्हणाली, राहू दे. पुढच्या गुरुवारी गेले तर चांदणी जोडून झाली होती. टोकाला टोक असं भिडलेलं की नख घालायला जागा नाही. उलटे पक्षी तसेच.

भोवती तिने सायीच्या रंगाचं साधं कापड लावलं. कापूस घातला, अस्तर घातलं, आणि वरून हाताने टाके घातले, इकडून तिकडे सरळ ओळी, बोटभर अंतरावर. मी विचारलं, वेली, पिसं, काहीच नाही? ती म्हणाली, सरळ ओळींना विचार करावा लागत नाही.

मार्चअखेरीस शाळेच्या व्यायामशाळेत प्रदर्शन भरलं. गोधड्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीखाली काचेची बरणी. येणाऱ्याला दारात एक बटण मिळतं, आवडेल त्या बरणीत टाकायचं. दुपारपर्यंत ट्वायलाच्या बरणीला झाकण लागेना. लोक समोर येऊन उभे राहत आणि तिथून हलत नसत. बियाण्याच्या दुकानातला माणूस, ज्याला मी कधी गोधडीकडे बघताना पाहिलं नव्हतं, टोपी काढून म्हणाला, हे मायलोचे पक्षी. वरचे निसटलेले, खालचे पाडलेले. कुणीतरी म्हणालं, सरळ टाके म्हणजे कापणीनंतरचं शेत. कुणीतरी म्हणालं, तसं नाही, वरचे म्हणजे आत्मा. बायका रुमाल काढू लागल्या. ट्वायला चहाच्या टेबलामागे कोलाचे वाटत होती.

कॉर्लिसने तिचा दंड धरला. "सगळं ओतलंस गं यात."

"कापताना बघितलं नाही मी," ट्वायला म्हणाली.

"तेच तर. बघून येतच नाही ते," कॉर्लिस म्हणाली, आणि डोळे पुसले.

पहिल्या नंबरची निळी रिबन मिळाली. मग राज्याच्या प्रदर्शनवाल्यांनी मागणी केली. त्यांचा यंदाचा विषय होता शोक. जनेल, एकुलती एक लेक, लिंकनला असते. तिने आईला विचारून न विचारल्यासारखं करून होकार कळवला. मला वाटतं, वडील गेल्यापासून तिला पहिल्यांदाच करायला काहीतरी मिळालं होतं.

आणि आता हे कार्ड.

"बरं, 'परतणारे' काढते," जनेल म्हणाली. "पण 'आयुष्यभराच्या जोडीदाराला निरोप देताना ट्वायलाने मुद्दाम' हे हवंच. मुद्दाम हा शब्द महत्त्वाचा आहे. नाहीतर लोकांना वाटेल..."

"मुद्दाम नव्हतं," ट्वायला म्हणाली.

"मॉम, तुला आत कुठेतरी माहीत होतं. असंच होतं. मी वाचलंय."

"आत कुठे?" आर्डिसने विचारलं.

"आंट आर्डिस, तुला कार्डात तुझं नाव हवंय, सरळ सांग ना. 'बहीण' हा शब्द नाही म्हणून चाललंय हे सगळं."

"मला माझं नाव कशाला हवंय? मी ओळखते मला." आर्डिसचा चेहरा लाल झाला होता. "तू महिन्यातून एकदा येतेस, फोटो काढतेस आणि जातेस. इथे रोज कोण असतं? त्या खुर्चीसमोर रोज कोण बसतं?"

"समोर बसतेस, कारण आत कुणाला बसू देत नाहीस. डॅडची खुर्ची आहे ती, चर्च नव्हे. काइल बसायला गेला तर तू त्याला उठवलंस."

काइल म्हणजे जनेलचा नवरा. तो बाहेर गाडीपाशी उभा राहून टायरकडे बघत होता, आणि तिथेच राहण्यात शहाणपण आहे असं त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"उठवला. उठवीन," आर्डिस म्हणाली. "या घरात कुणाला तरी काहीतरी वाटलं पाहिजे." आणि मग ती ट्वायलाच्या पाठीकडे वळली. "तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही आला. शवपेटीपाशी नाही, मातीपाशी नाही. मी काही बोलले नाही. पण ती गोधडी तरी रडतेय, तर ती चूक होती म्हणून सांगत सुटू नकोस गावभर. निदान तेवढं तरी राहू दे त्याच्या वाट्याला."

जनेलने फोन टेबलावर ठेवला. मी नळी भिंतीला टेकवून ठेवली. खाली मशीनची धडधड वाढली, कपडे पिळण्याची, आणि ओट्यावरचे चमचे बारीक वाजायला लागले.

ट्वायलाने शेवटचा बटाटा पाण्यात टाकला. हात पुसले. ती चिडली नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"पुडी फोडली त्या दिवशी घरी येताना त्याने विचारलं, बायका काय म्हणाल्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, हसल्या. खडीच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, तिन्ही ताग्यांत फेझंट होते. एकात गवतात बसलेले. एकात कसेही विखुरलेले, वर खाली. या एकात सगळे मिळून वर चालले होते. म्हणून हा घेतला."

तिने फडकं ओट्यावर ठेवलं.

"तेवढंच बघून घेतलं होतं त्याने," ट्वायला म्हणाली. "आणि तेवढंच मी कापताना बघितलं नाही. आता त्याखाली 'मुद्दाम' लिहून ते गावोगाव फिरवायचं?"

मशीन थांबलं. एकदम शांत झालं, इतकं की ओव्हनमध्ये रोस्टमधली चरबी तडतडलेली ऐकू आली. ट्वायला तळघराच्या जिन्याने खाली गेली. तिच्या पावलांचा आवाज आला, झाकण उघडल्याचा आला. आर्डिसने माझ्याकडे बघितलं. जनेलच्या बहुतेक आधीच लक्षात आलं असावं, कारण ती पाहुण्यांच्या खोलीत धावली. चादरीत गुंडाळून ठेवलेली गोधडी तिथे पलंगावर होती, निदान सकाळपर्यंत तरी होती. जनेल नुसती चादर हातात घेऊन परत आली.

ट्वायला टोपली घेऊन वर आली. टोपलीत गोधडी होती, ओली, जड, पिळलेली. मोहरीचा पिवळा सायीच्या रंगावर थोडा उतरला होता. टाक्यांच्या ओळींनी कापड आवळून घेतलं होतं, सगळीकडे बारीक चुण्या पडल्या होत्या. आता ती कुठल्याही नळीवर सरळ बसली नसती, आणि भिंतीवर टांगली तर घरातली वापरातली गोधडी दिसली असती. वरच्या घडीत दोन पक्षी दिसत होते. कोणत्या टोकातले, ते कळत नव्हतं.

"मॉम," जनेल म्हणाली. "दोन वाजता कॉर्लिस येतेय."

"येणार नाही. चर्चनंतर सांगितलंय तिला. रिबनही दिली परत." ट्वायलाने टोपली स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवली, कमरेला हात लावून सरळ झाली आणि आमच्यापैकी कुणाकडेच विशेष न बघता म्हणाली, "गोधडी कुठे जाणार नाही. वाळली की मायलोच्या खुर्चीवर टाकणार आहे. आजपासून त्या खुर्चीत बसायचं. आधी तू, आर्डिस, तुझे पाय गारठतात. मग ज्याला बसायचं त्याने. काइलला आत बोलवा, रोस्ट कापायचंय."